वडिलांना पहिल्यांदा चायनीजला नेताय? मेनूकार्ड त्यांच्या हातात द्या

तुमचा प्रश्न असा : सांगलीत आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला सगळ्या घराला चायनीज खायला न्यायचंय, वडील सत्तरीचे, त्यांनी ते कधी खाल्लेलं नाही, तर काय मागवावं म्हणजे "चारचौघांत शोभा होणार नाही". ते शेवटचे शब्द वाचले आणि राहवलं नाही. काय मागवायचं ते सांगते, पण आधी हे ऐका.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीच्याच मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. चाळीस वर्षं हळदीत काढली. हरिपूरच्या पेवांतून, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांतून, माल निघताना उभा राहिलेला माणूस. हळकुंड हातात आलं की मोडायचं, आतला रंग उजेडात धरायचा, वास घ्यायचा, आणि मगच तोंड उघडायचं. घरी जेवतानासुद्धा हळद बदलली की पहिल्या घासाला ओळखतात.

सहासात वर्षांपूर्वी दादा पुण्याहून आला होता, तेव्हा विश्रामबागेकडच्या एका हॉटेलात गेलो. नऊ माणसं, दोन टेबलं जोडलेली, मेनूकार्डं दोन. एक दादाकडे, एक वहिनीकडे. दादाने नऊ जणांचं एका दमात मागवून टाकलं. अण्णांना, आईला, कुणाला विचारणं नाही. वर "अजिनोमोटो अजिबात नको" हे शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं सांगितलं.

अण्णांचं लक्ष टेबलावरच्या तीन वाट्यांकडे होतं. सोया सॉस, व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या आणि लाल चटणी. त्यांनी चमच्याचं टोक चटणीत बुडवलं, जिभेवर ठेवलं, जरा थांबले. "बेडगी आहे. लसूण कच्चा राहिलाय." वेटर पोरगा खूश झाला. अण्णांनी त्याला विचारलं, "मिरची कुणाकडनं उचलता? इथल्याच बाजारातनं का?" तर दादा म्हणाला, "अण्णा, हे हॉटेल आहे. यार्ड नाही."

मग मंचुरियन आलं. अण्णा म्हणाले, "ही मंचुरी कशाची असते?" पुतण्या हसला, "आजोबा, मंचुरी नाही, मंचुरियन म्हणतात." वहिनीही हसली. अण्णांनी एक गोळा पांढऱ्या कागदी रुमालावर ठेवला, त्यावर ग्लासातलं पाणी दोन थेंब सोडलं. रुमालावर गुलाबी डाग पसरत गेला, पार कडेपर्यंत. अण्णा हळूच मला म्हणाले, "हा मिरचीचा रंग नव्हे. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात असा धावत नाही." दादाने ते ऐकलं. "अण्णा, प्लीज. लाज आणू नका."

अण्णांनी रुमालाची घडी घातली आणि ताटलीखाली सारली. दोन चमचे फ्राइड राइस खाल्ला. रात्री साडेअकराला मी पाणी प्यायला उठले तर ओट्याशी उभे राहून सकाळच्या भातात दही कालवत होते.

सांगा आता, त्या टेबलावर लाज कुणी आणली?

अण्णांचं काहीही चुकलं नव्हतं. शेजारच्या कर्नाटकात, म्हणजे आपल्या मिरजेच्या पलीकडे, मार्च २०२४ मध्ये सरकारनं गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासलेल्या नमुन्यांत घातक रंग निघाले म्हणून. जे प्रयोगशाळेला सापडलं, ते अण्णांनी रुमालावर दोन थेंबांत दाखवलं होतं. मी ती बातमी दादाला पाठवली होती. त्यावर तो आजवर काही बोललेला नाही.

आणि उच्चाराचं म्हणाल, तर मंचुरियाला त्या पदार्थाचं नावसुद्धा ठाऊक नसेल. तो मुंबईचा आहे. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी केला असं सांगतात, आणि ते जन्माने कोलकात्याचे. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच. गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि दाटपणाला कॉर्नफ्लोअर. मग त्याला सांगलीचा माणूस मंचुरी म्हणाला तर कुणाचं काय बिघडलं? शेजवानचंही तेच. नाव चीनच्या सिचुआन प्रांताचं, पण तिथला जीभ बधिर करणारा दाणा आपल्या वाटीत नसतोच. तो दाणा कोकणातल्या तिरफळाच्या जातकुळीतला. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग तिरफळ घालून बघायला काय हरकत आहे?" तुमच्या वडिलांच्या तोंडून कुठलाही शब्द कसाही येऊ दे, टेबलावर कुणीही दुरुस्त करायचा नाही. पोरांना घरातून निघतानाच सांगून ठेवा.

त्यानंतर महिन्याभराने मी अण्णा आणि आईला घेऊन दुसऱ्या हॉटेलात गेले. तिघंच. कार्ड इंग्रजीत होतं, म्हणून मी एकेक नाव वाचत गेले, त्यात काय असतं ते सांगत गेले, आणि ठरवायचं अण्णांनी. मनचाव सूप त्यांनी वन बाय टू मागवलं. वर कुरकुरीत नूडल्स बघून म्हणाले, "ही तर शेवच की." सगळं सूप संपवलं. नूडल्स मागवताना वेटरला विचारलं, "रंग न घालता करून मिळेल का?" आतून कुकच बाहेर आला, नेपाळकडचा मुलगा. दहा मिनिटं दोघं हिंदीत मिरची किती वेळ भिजवायची यावर बोलत होते. आईचा गुरुवार होता, तर त्याने आपणहून कढई घासून घेतो म्हणून सांगितलं. तुमच्याकडे कुणी शाकाहारी असेल तर हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी एकाच कढईत सगळं परततात.

काय मागवायचं : आधी सूप. मग हाका नूडल्स किंवा साधा फ्राइड राइस आणि एकच ग्रेव्ही. ट्रिपल शेजवान पहिल्या दिवशी नको. नूडल्सला काटा जमत नसेल तर हाताने खाऊ द्या.

अजिनोमोटोची भीती दादासारख्यांनी फार पसरवलीय. जपानच्या इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ साली ते कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या रश्श्यातून शोधलं. त्यात चव आणणारं जे ग्लुटामेट असतं, तेच पिकल्या टोमॅटोतही असतं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात चायनीज खाऊन त्रास होतो असं एक पत्र छापून आलं, तिथून हा बोभाटा झाला. नंतरच्या चाचण्यांत नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणाने तो त्रास ठामपणे दिसलेला नाही. काळजी करायचीच तर सोया सॉसची करा. एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० च्या आत राहायला सांगते. वडिलांना बीपीची गोळी चालू असेल तर सोया कमी घालायला सांगा आणि ती वाटी त्यांच्यापासून लांब ठेवा. हे खरं तर वरच लिहायला हवं होतं. आमच्या अण्णांनाही गोळी आहे.

दादा, तू हे वाचत असशील तर ऐक. गणपतीला येशील तेव्हा आपण सगळे परत जाणार आहोत. कार्ड अण्णांकडे असेल आणि कुकशी तेच बोलतील.