होमस्टेला ‘राष्ट्रीय’ पर्यटन पुरस्कार देतो म्हणून पैसे मागताहेत, भरावेत का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे, तीन वर्षं झाली. एका संस्थेचा फोन आला, ‘राष्ट्रीय’ पातळीवरच्या पर्यटन पुरस्कारासाठी तुमची निवड झाली आहे, समारंभाचे ४५ हजार रुपये भरा. भरावेत का, आणि सरकारचा खरा पुरस्कार लहान होमस्टेला मिळू शकतो का, हे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

पैसे भरू नका. आता कारण सांगते.

मी बावीस वर्षं हॉटेलात हाउसकीपिंगमध्ये काढली आणि आता कोकणात आमच्याच घराच्या चार खोल्या पाहुण्यांना देते. पहिल्याच वर्षी मलाही असाच फोन आला होता. “मॅडम, ज्यूरीने तुमचं नाव काढलंय.” मी विचारलं, ज्यूरी कधी येऊन राहिली? तर म्हणाले, ऑनलाइन अभिप्राय बघून निवड केली. तेव्हा आमच्या घराला एकूण सहा अभिप्राय होते. मग मानचिन्ह, प्रशस्तिपत्र, पाहुण्या कलाकाराबरोबर फोटो, दोघांचं जेवण असं सगळं सांगून झालं आणि शेवटी रक्कम आली. मी गप्प राहिले तर म्हणाले, आज भरलंत तर दहा हजार कमी करतो. ज्या मानाच्या गोष्टीत घासाघीस चालते, ती आपल्या भिंतीवर नको, असं मी तिथेच ठरवलं.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रवेश शुल्क घेतलं म्हणजे पुरस्कार खोटाच, असं नसतं. परीक्षक प्रत्यक्ष पाठवायचे तर खर्च येतो, आणि काही चांगल्या खासगी स्पर्धाही शुल्क घेतात. पण ते अर्ज करतानाच, सगळ्यांकडून सारखं घेतात आणि भरूनही तुमचा नंबर लागेलच असं नसतं. तुम्ही अर्जच केलेला नाही, तरी निवड आधी आणि पैसे नंतर, हा सरळ विक्रीचा व्यवहार झाला. पुन्हा फोन आला तर एवढंच विचारा: गेल्या वर्षी किती जणांनी अर्ज केला आणि किती जणांना मिळाला नाही? निकष लेखी पाठवाल का?

आणि प्रशस्तिपत्रावर तीन सिंहांची मुद्रा किंवा ‘भारत सरकारच्या सहकार्याने’ असं काही दिसलं तर जास्तच सावध व्हा. राजमुद्रेचा आणि सरकारशी नातं सुचवणाऱ्या नावांचा धंद्यासाठी विनापरवाना वापर १९५० च्या कायद्याने बंद आहे. राजमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदाही आहे. असा कागद आपल्या स्वागतकक्षात लावला तर पाहुण्याची दिशाभूल करण्यात आपणही सामील होतो.

आता खऱ्या पुरस्कारांबद्दल. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे राष्ट्रीय पर्यटन पुरस्कार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दिले जातात. राज्य सरकारं, तारांकित हॉटेलं, वारसा हॉटेलं, टूर ऑपरेटर, ट्रॅव्हल एजंट, पर्यटकांसाठी गाड्या चालवणारे, गाइड असे त्यात बरेच गट असतात. २०१७-१८ चे पुरस्कार २७ सप्टेंबर २०१९ ला, जागतिक पर्यटन दिनी, दिल्लीच्या विज्ञान भवनात तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते दिले गेले. २०१८-१९ चे मात्र कोविडनंतर, २७ सप्टेंबर २०२२ ला, तेव्हाचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते. म्हणजे पुरस्काराचं वर्ष आणि समारंभाचं वर्ष यांत चांगलंच अंतर पडू शकतं. कुठल्याही हॉटेलातलं मानचिन्ह बघताना त्यावरचं वर्ष वाचायची सवय लावून घ्या. मधल्या काळात मालक, मॅनेजर आणि आचारी, तिघंही बदललेले असू शकतात.

या पुरस्कारांचा कणा म्हणजे कागद. परदेशी पर्यटक आणणाऱ्या टूर ऑपरेटरला किती परकीय चलन मिळवलं याचे सनदी लेखापालाने तपासलेले आकडे द्यावे लागतात. हॉटेलकडे आधी मंत्रालयाचं वर्गीकरण, म्हणजे किती ताऱ्यांचं हॉटेल अशी अधिकृत श्रेणी, हवं. ते पाच वर्षांसाठी असतं आणि मिळण्याआधी समिती येऊन खोल्या, स्वयंपाकघर, अग्निसुरक्षा सगळं बघून जाते. मी नोकरीत असताना आमच्या हॉटेलने एकदा अर्ज केला होता. महिनाभर आम्ही फाइल लावत होतो. पुरस्कार मिळाला नाही. पण पाण्याचा वापर मोजायचा म्हणून प्रत्येक मजल्याला जे मीटर बसवले, त्यामुळे एका मजल्यावरची कित्येक महिन्यांची गळती सापडली. अर्ज केला नसता तर ती कुणाच्या लक्षात आली नसती.

तुमच्यासारख्या लहान घरासाठी मंत्रालयाची ‘अतुल्य भारत’ बेड अँड ब्रेकफास्टची मान्यता आहे. एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा, घरमालक कुटुंबासह त्याच वास्तूत राहणारा हवा, आणि सोयींप्रमाणे सुवर्ण किंवा रौप्य श्रेणी. महाराष्ट्रात राज्याची निवास व न्याहारी योजनाही आहे. हा पुरस्कार नव्हे, नोंदणी आहे. पण माझ्या मते लहान घराला मानचिन्हापेक्षा तीच जास्त उपयोगी. कंपन्यांचं बुकिंग करणारे आणि परदेशी पाहुणे पाठवणारे एजंट आधी तीच मागतात.

आणि तुमचं गाव खेडं असेल तर एक वाट आणखी आहे, माझ्या मनाच्या सगळ्यात जवळची. मंत्रालयाने २०२३ मध्ये सर्वोत्तम पर्यटन गाव आणि सर्वोत्तम ग्रामीण होमस्टे अशा स्पर्धा सुरू केल्या. गावांच्या स्पर्धेत पहिल्या वर्षी ७९५ अर्जांतून ३५ गावं निवडली गेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातल्या पाटगावला, म्हणजे मधाच्या गावाला, कांस्य मिळालं. २०२४ मध्ये ९९१ अर्जांतून ३६ गावं निवडली आणि दापोलीजवळचं कर्दे कृषी पर्यटनाच्या गटात आलं. दोन्ही वर्षी निकाल जागतिक पर्यटन दिनी जाहीर झाला. गावांच्या स्पर्धेत एकट्या तुमच्या होमस्टेचं कौतुक होत नाही हे खरं. ग्रामपंचायत, बचत गट, होडीवाले, खानावळवाल्या बायका, सगळ्यांना एका फाइलीत यावं लागतं. आमच्या गावात त्यासाठी तीन बैठका झाल्या आणि तिसरीत कचऱ्याचा विषय पहिल्यांदा तोंडं न फिरवता बोलला गेला. आमचं गाव निवडलं गेलं नाही. कचऱ्याची गाडी मात्र सुरू झाली, आजही दर मंगळवारी येते.

फाइल लावताना काय होतं याचं एक उदाहरण देते. अपंग पाहुण्यांसाठी काय सोय आहे, हे लिहायचं होतं. मी बेधडक लिहिलं, ‘तळमजल्याची खोली, पायरी नाही’. मग वाटलं, एकदा बघावं तरी. शेजारच्या आजोबांची चाकाची खुर्ची मागून आणली आणि मी स्वतः बसले. अंगणातून खोलीत गेले, खाटेपर्यंतही गेले. बाथरूमच्या दारात खुर्ची अडकली. टेपने मोजलं तर दार चोवीस इंच, खुर्ची पंचवीस. एका इंचाने अडलं! वर्षभर मी त्या खोलीत गुडघे दुखणारी, काठी घेऊन चालणारी माणसं ठेवत होते आणि खोली ‘सोयीची’ म्हणून सांगत होते. लिहिलेली ओळ खोडली आणि दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. चौकट काढून दार छत्तीस इंचाचं केलं, कमोडशेजारी भिंतीत आधाराचा दांडा बसवला. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून एक बाई आईला घेऊन आल्या होत्या. आई तीन वर्षं खुर्चीत. निघताना आई म्हणाल्या, “इथं मला कुणी उचललं नाही.” एवढंच म्हणाल्या, आणि मला दिवसभर पुरलं.

तेव्हा तुमचे ४५ हजार असे लावा. अग्निशामक नळकांड्यांवरची तारीख बघा, संपली असेल तर भरून घ्या. अन्नाचा परवाना चालू आहे का ते तपासा. परदेशी पाहुणा आला तर त्याच्या मुक्कामाची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवली जाते का ते बघा. बाथरूमचं दार मोजा. यातून जे उरतील त्यांत गाद्या बदला. आणि ग्रामसेवकांना भेटून गावाचा अर्ज कधी करायचा ते विचारा. फाइल लावायला बसलात की मला इथे लिहा, आमच्या गावाचा अर्ज आम्ही कसा मांडला होता ते सांगेन.