टल्सा 1921: दंगल की हत्याकांड?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या टल्सा शहरात 1921 साली जे घडलं, त्याला इंग्रजीत बरीच वर्षं 'रेस रायट' म्हणत. मग मराठीत 'वांशिक दंगल' लिहायला काय हरकत आहे?

माझी हरकत आहे, आणि ती ठाम आहे. 'दंगल' म्हटलं की दोन जमाव एकमेकांना भिडल्याचं चित्र उभं राहतं. शिवाय दंगल उसळते, पेटते, भडकते. ती कुणी केली हे न सांगताही वाक्य पुरं होतं. 'कत्तल केली', 'शिरकाण केलं' म्हणताना मात्र कर्ता टाळता येत नाही.

31 मे आणि 1 जून या दोन दिवसांत गोऱ्यांच्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीला आलेली वस्ती लुटली आणि जाळली. सुमारे 35 ब्लॉक, म्हणजे चार रस्त्यांमधले घरा-दुकानांचे चौकोन, बेचिराख झाले. 'दंगल' म्हणणारे सांगतात, की काही कृष्णवर्णीय बंदुका घेऊन न्यायालयापाशी गेले होते आणि तिथे गोळीबार झाला. ते खरंच आहे. पण अटकेतल्या डिक रोलंड या तरुणाचा झुंडबळी जाऊ नये म्हणून ते गेले होते. घराघरांत शिरून आगी लावणं ही त्याच गोष्टीची 'दुसरी बाजू' कशी होईल?

या शब्दाची किंमत लोकांनी रोख मोजली. विम्याच्या करारात दंगलीतल्या नुकसानीची भरपाई वगळलेली असे, त्यामुळे ग्रीनवुडवासीयांचे दावे फेटाळले गेले. विल्यम रेडफर्न हा गोरा होता, वस्तीत त्याचं थिएटर आणि हॉटेल होतं. त्याचाही दावा टल्सा ज्या राज्यात आहे त्या ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1926 मध्ये याच कलमावर नाकारला.

जालियनवाला बागेला आपण 'हत्याकांड' म्हणतो, तसंच इथेही म्हणावं. 'वांशिक'पेक्षा 'वर्णद्वेषी हत्याकांड' मला जास्त पटतं, कारण द्वेष कशाचा होता हे त्यात येतं. 'वंशसंहार' मात्र नको. त्याला आंतरराष्ट्रीय कायद्यात वेगळा, नेमका अर्थ आहे.

जुन्या अहवालाचं किंवा आयोगाचं नाव देताना मूळचा 'रायट' तसाच ठेवावा. त्या काळी काय म्हणत होते, तेही वाचकाला कळायला हवं.