क्रिमिनल जस्टिससाठी आधी काउंटी कॉलेज, मग ट्रान्सफर: मुलीला जाऊ द्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला क्रिमिनल जस्टिस, म्हणजे पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांचं कामकाज, शिकायचंय. दोन वर्षं काउंटी कॉलेजात (म्हणजे कम्युनिटी कॉलेजात) काढून मग रटगर्सला, राज्याच्या सरकारी विद्यापीठात, जाईन म्हणते. घरचे म्हणतात, मार्क चांगले असताना कम्युनिटी कॉलेज कशाला?

जाऊ द्या तिला, ताई. मी न्यू जर्सीतच याच वाटेने गेले आणि आज गुन्ह्याला बळी पडलेल्यांना कोर्टाच्या कामात मदत करते. फक्त एक गोष्ट प्रवेश घेतानाच पक्की करा: तिच्या डिग्रीचं पूर्ण नाव काय आहे? काही कॉलेजांत याच विषयात ए.एस. (असोसिएट इन सायन्स) आणि ए.ए.एस. (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) अशा दोन वर्षांच्या दोन डिग्र्या असतात. वर्ग बरेचसे तेच, शिकवणारेही तेच, त्यामुळे मुलांना फरक कळत नाही. ए.ए.एस. ही दोन वर्षांनी थेट नोकरीला लागणाऱ्यांसाठी असते. राज्यात २००८ पासून ट्रान्सफरचा करार आहे. ए.ए. (असोसिएट इन आर्ट्स) किंवा ए.एस. पूर्ण करून आलेल्यांची ती डिग्री सरकारी विद्यापीठांनी बॅचलर्सची पहिली दोन वर्षं म्हणून धरायची, असं तो सांगतो. ए.ए.एस. त्यात बसत नाही. तिथे एकेक विषय तपासला जातो आणि बरेच गळतात.

‘पूर्ण करून’ हेही महत्त्वाचं. घाईने मध्येच निघालं की कराराचा आधार जातो. आणि करार क्रेडिटचा, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांच्या गुणांकांचा आहे, प्रवेशाचा नाही. रटगर्सला अर्ज करायचा, तो मार्कांवर तोलला जाणार.

इथे आणखी एक मेख आहे. क्रेडिट मान्य होणं वेगळं आणि ते मेजरमध्ये, म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयात, धरलं जाणं वेगळं. माझ्याबरोबरच्या एका मुलाने आवडीपोटी पोलीस कामकाज, तुरुंग व्यवस्था, बालगुन्हेगारी असे सगळे विषय पहिल्या दोन वर्षांतच उरकले. क्रेडिट सगळी मिळाली, पण बरीचशी ऐच्छिक म्हणून. मेजरचे वरच्या पातळीचे विषय त्याला विद्यापीठात जवळजवळ पहिल्यापासून करावे लागले. म्हणून आधी चार वर्षांच्या विद्यापीठाची विषयांची यादी समोर ठेवायची आणि तिथून मागे यायचं. ‘एनजे ट्रान्सफर’ या साइटवर कुठल्या काउंटी कॉलेजचा कुठला विषय कुठे कसा धरतात ते दिसतं. पहिल्या दोन वर्षांत क्रिमिनल जस्टिसचे मोजके विषय पुरतात. बाकी समाजशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र, लेखन आणि स्टॅटिस्टिक्स. स्टॅटिस्टिक्स टाळू देऊ नका. पुढे संशोधन पद्धतीचा विषय येतो, तिथे पाया कच्चा असलेली मुलं रडकुंडीला येतात.

तिला नक्की काय व्हायचंय हेही आत्ताच विचारा. फॉरेन्सिक लॅबमध्ये जायचं असेल तर ही डिग्री चुकीची. तिथे केमिस्ट्री, बायॉलॉजी, गणित लागतं, आणि दोन वर्षांनी तिकडे वळणं जड जातं. वकील व्हायचं असेल तर कुठलंही मेजर चालतं, पण एक लक्षात ठेवा: रटगर्सला गेल्यावर जीपीए (मार्कांची सरासरी) नव्याने सुरू होतो, पण लॉ स्कूलचे अर्ज हाताळणारी एल.एस.ए.सी. काउंटी कॉलेजचे मार्कही मोजते. पहिल्या सेमिस्टरचा सी तिथे पुन्हा दिसतो. एफबीआयचं स्पेशल एजंट व्हायचं असेल तर नागरिकत्व, बॅचलर्स, नोकरीचा अनुभव आणि किमान २३ वर्षं वय लागतं. ती एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर पगारी इंटर्नशिपही करता येत नाही आणि २१ व्या वर्षी तो दर्जा संपतो. तसं असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला आधी भेटा.

काउंटी कॉलेजात खर्च कमी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. हायस्कूलमध्ये ती पहिल्या १५ टक्क्यांत असेल तर ‘एनजे स्टार्स’ या राज्याच्या शिष्यवृत्तीतून काउंटी कॉलेजची ट्यूशन भागू शकते, तेवढं काउन्सेलरला नक्की विचारा. शेवटी बॅचलर्सची डिग्री रटगर्सचीच मिळणार, हे नातेवाइकांना सांगून टाका.

पण मला ही वाट आवडते ती पैशांसाठी नाही. आमच्या संध्याकाळच्या वर्गात काउंटी जेलमधला एक ऑफिसर ड्युटी करून गणवेशातच यायचा. एकांत कोठडीवरचा धडा चालू असताना सरांनी पुस्तक मिटलं आणि त्याला बोलू दिलं. रात्री दोन वाजता तो जाळीतून आत बघतो तेव्हा माणूस जागा आहे की झोपलाय एवढंच नव्हे, श्वास चाललाय का हेही बघावं लागतं, असं तो म्हणाला. अठरा वर्षांच्या मुलीला अशी माणसं शेजारच्या बाकावर भेटणं फार मोलाचं आहे.

आणि प्रवेशाआधी तिला एक सकाळ न्यू ब्रन्सविकच्या काउंटी कोर्टात पाठवा. सुनावण्या सहसा सगळ्यांना खुल्या असतात. आरोपीला खटल्यापर्यंत आत ठेवायचं का, यावरची एखादी सुनावणी तिने बघावी. १ जानेवारी २०१७ पासून आपल्या राज्यात पैसे भरून जामीन घेण्याची पद्धत जवळजवळ बंदच झाली. आता न्यायाधीशांपुढे कागदावर दोन आकडे असतात, दोन्ही १ ते ६ मधले: एक, आरोपी तारखेला हजर न राहण्याचा धोका; दुसरा, तो नवा गुन्हा करण्याचा. वय, आधीच्या शिक्षा, चुकवलेल्या तारखा यांवरून ते निघतात. त्यावर प्रॉसिक्युटर (सरकारी वकील) आणि पब्लिक डिफेंडर (आरोपीला सरकारने दिलेला वकील) भांडतात, आणि थोड्या वेळात एखाद्याचे पुढचे कित्येक महिने ठरतात. ते बघूनही तिला हेच शिकायचं असेल, तर ए.एस.चा फॉर्म भरा.