बांधालगतच्या गोठ्याला चुलतभावाची सही लागते का?

प्रश्न : आमची सव्वा एकर बागायत आहे. तिथं बांधाला लागून वीस म्हशींचा पक्का गोठा बांधायचा आहे. पत्र्याची शेड, सिमेंटचा कोबा आणि बाजूला शेणाचा खड्डा. त्याच जागी वडिलांच्या वेळचा दोन बैलांचा छपराचा गोठा आहे. बांधापलीकडे चुलतभावाचं घर आहे, ते आठ वर्षांपूर्वी बांधलं. त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्याकडे उघडते आणि पिण्याच्या पाण्याची विहीरही तिथंच आहे. तो म्हणतो, ‘माझ्या सहीशिवाय वीट रचून दाखव, स्टे आणतो.’ ग्रामसेवकही शेजाऱ्याचं संमतिपत्र मागतात. पंचवीस वर्षांपूर्वी तोंडी वाटणी झाली, वहिवाट वेगळी आहे, सातबारा मात्र अजून सामाईक आहे. त्याची संमती खरंच लागते का?

उत्तर : शेजारी म्हणून त्याची सही लागत नाही. सहहिस्सेदार म्हणून लागते. तुम्ही चार पानं गोठ्याबद्दल लिहिलीत आणि सामाईक सातबाऱ्याला शेवटची एक ओळ दिलीत. तुमचं काम अडणार आहे ते त्या ओळीवर.

आधी शेतातल्या बांधकामाचं बघू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ प्रमाणे शेतजमिनीच्या धारकाला शेतीसाठी लागणारी इमारत उभारता येते. ‘शेतावरील इमारत’ म्हणजे काय हे त्याच कायद्याच्या व्याख्येत आहे. त्यात अवजारं, खत, वैरण आणि शेतमाल ठेवण्याची जागा, गुरांचा निवारा, कुटुंबाचं किंवा गड्यांचं राहतं घर हे सगळं येतं. मात्र या गोष्टींचा त्या जमिनीशी किंवा तुम्ही कसत असलेल्या दुसऱ्या जमिनीशी संबंध असला पाहिजे. घरच्या वैरणीवरच्या चार म्हशींना ही व्याख्या सहज लागू होते. सव्वा एकरात वीस म्हशी, पेंड आणि वैरण विकतची आणि सगळं दूध डेअरीला, असा मामला असेल तर हा शेतीचा गोठा नसून व्यवसाय आहे, कलम ४१ याला लागू नाही, असं समोरचा वकील म्हणणारच. त्यामुळे किती वैरण घरची, कोणतं रान कसता, शेणखत कुठं जातं, हे अर्जातच लिहा.

मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांभोवतीच्या ठरावीक पट्ट्यात कलम ४१ खालीसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. प्रादेशिक योजना लागू असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १८ येतं, आणि तिथंही अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. तेव्हा नगररचना कार्यालयातून गटाचा झोन दाखला (जमीन योजनेत कोणत्या वापरासाठी दाखवली आहे याचा कागद) काढा आणि हद्दीपासून किती अंतर सोडायचं ते लेखी विचारा. गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला जोडून ठेवायला ठीक आहे, पण तो बांधकाम परवाना नव्हे. रोजगार हमी योजनेतून गोठा मंजूर होणं हाही परवाना नव्हे. ग्रामसेवकांना एकच विचारा : शेजाऱ्याचं संमतिपत्र कोणत्या नियमाखाली मागता, ते लेखी द्या. बहुतेकदा उत्तर येत नाही.

आता सातबारा. वर्षानुवर्षं वहिवाट वेगळी असली तरी कागदावर प्रत्येक हिस्सेदाराचा हक्क जमिनीच्या कणाकणावर असतो. अशा जमिनीवर एकानं कोबा ओतायला घेतला की दुसरा दिवाणी न्यायालयात जाऊन ‘जैसे थे’ मागतो, आणि तो आदेश मिळवणं फार अवघड जात नाही. तोंडी वाटणी कायद्यात बसतच नाही असं नाही, पण ती सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर. वेगळी पीक नोंद, वेगळ्या नावाचं वीजबिल, सोसायटीचं कर्ज, असे जुने कागद शोधा. चुलतभावानं त्याच्या बाजूला घर बांधलं तेव्हा तुमची सही घेतली होती का, हेही आठवा. घेतली नसेल तर वाटणी त्यालाही मान्य होती, हा तुमच्या हातातला सर्वांत चांगला मुद्दा आहे.

पक्का उपाय म्हणजे संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज आणि त्यानुसार पोटहिस्सा मोजणी, म्हणजे प्रत्येकाच्या हिश्श्याची वेगळी सरकारी मोजणी. नोटिसा सगळ्या सहधारकांना निघतात, सासरी गेलेल्या बहिणींनाही, त्यामुळे त्यांच्याशी आधी बोलून घ्या. हक्काबद्दलच वाद निघाला तर प्रकरण दिवाणी न्यायालयात जाईल.

समजा वाटप झालं, परवानगीही मिळाली. तरी चुलतभावाचा एक हक्क शाबूत राहतो. परवानगीचा कागद तुमच्यात आणि सरकारात असतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ खालच्या उदाहरणांत स्पष्ट आहे की आपल्या जमिनीवर येणारी हवा इतरांनी अवाजवी दूषित करू नये, हा प्रत्येक जमीनमालकाचा हक्क आहे. पाण्याबाबतही तसंच. हा हक्क मालकीबरोबरच येतो, त्याला वर्षांची अट नाही. खिडकीतल्या उजेडाचं वेगळं. तो हक्क वापरानं मिळवायला कलम १५ प्रमाणे २० वर्षं लागतात आणि त्याचं घर आठ वर्षांचं आहे. म्हणजे शेडनं अंधार पडतो ही तक्रार लंगडी, पण वास आणि माश्यांची तक्रार चांगली धडधाकट. ‘आमचा गोठा त्याच्या घराआधीचा’ या बचावावर विसंबू नका. दोन बैलांच्या छपराची आणि वीस म्हशींच्या शेडची बरोबरी कोणतंही न्यायालय करणार नाही.

तुमचा नकाशा बघून मला सर्वांत धास्ती वाटली ती खड्ड्याची. शेड धुतलेलं पाणी खड्ड्यात, खड्डा बांधाशी आणि पलीकडे विहीर. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ नुसार जाणूनबुजून दूषित पदार्थ विहिरीत जाऊ देण्याला मनाई आहे. खड्डा शेताच्या दुसऱ्या टोकाला न्या, तळ आणि भिंती पक्क्या करा, गटाराचा उतार तुमच्याच रानाकडे द्या. शेडही शक्य तितकी आत सरकवा. पाच-सात गुंठ्यांची सोय बिघडेल, पण दिवाणी दावा दहा वर्षं चालला तर त्याहून जास्त बिघडेल. शिवाय बांधकामाआधी विहिरीचं पाणी सरकारी प्रयोगशाळेतून तपासून घ्या, नमुना घेताना चुलतभावाला बोलवा. उद्या पाणी खराब निघालं तर आधी कसं होतं याचा पुरावा राहील.

तो प्रांताधिकाऱ्यांकडे जाण्याचीही धमकी देतो असं तुम्ही लिहिता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खालची कारवाई सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. एकाच घराची तक्रार तिथं सहसा टिकत नाही, वस्तीतली दहा घरं उठली तर मात्र टिकते. बांधावरून त्याची जुनी वाट किंवा पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह असेल तर शेड त्यावर येऊ देऊ नका. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदार असा अडथळा काढायला लावू शकतात, आणि तो दावा अडथळ्यापासून सहा महिन्यांत करता येतो.

स्टेच्या धमकीवर आजच करण्यासारखं एक काम आहे. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे आगाऊ सूचनेचा अर्ज, दाखल करा. मग तुमचं ऐकल्याशिवाय मनाई हुकूम होणार नाही. त्याची प्रत चुलतभावाला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवावी लागते, पोचपावती जपा. कॅव्हेटची मुदत ९० दिवस असते, तोवर वाटप आटोपलं नाही तर नवं दाखल करा.