आठ महिन्यांच्या मुलीचं वजन दोन महिने ६.४ किलोवरच आहे. नाचणी सत्त्व द्यावं की डब्यातली पावडर?

पावडर घेऊ नका, पैसे वाचतील. नाचणी सत्त्व, मऊ खिचडी, वरणभातावर चमचाभर तूप, कुस्करलेलं अंडं, दिवसातून तीनदा, आणि अंगावरचं दूध चालू. हे तुम्हाला ठाऊकच असणार. पण जाता जाता तुम्ही लिहिलंय, "बायको भरवताना रडते, बाळ झोपलं तरी ही जागीच." मी त्या ओळीसाठी लिहायला बसले.

२२ वर्षं अंगणवाडी सेविका होते मी. गावातल्या पोरांची वजनं तोंडपाठ असायची. आणि माझाच नातू सात महिन्यांचा असताना दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर पिवळ्यात, म्हणजे कुपोषणाच्या रंगात आला. १२.१ सेंटीमीटर. पुन्हा पट्टी लावली, तेवढंच.

लेक सासरहून तेव्हा माझ्याकडे आली होती. मी काय केलं? अळिवाचे लाडू वळले, खिरीत तूप वाढवलं आणि तिला बोल लावले. "दोन घास भरवायला काय जातं गं तुझं?" माझी नणंद तर रोजच म्हणायची, "हल्लीच्या पोरींचे नखरे. आम्ही टोपलीत पोर ठेवून भांगलायला जायचो." मला ते पटतही होतं, खोटं कशाला बोलू.

एक दिवस दारात तांदूळ निवडत बसले होते. लेक आत भरवत होती. पोरानं आ केला. चमचा वाटीतच. पुन्हा आ केला. ती भिंतीकडे बघत होती. चौथ्यांदा तोंड उघडून झाल्यावर त्यानं मान फिरवली, तशी ती म्हणाली, "बघ आई, खातच नाही." सगळा गाव मला विचारायचा पोर खात का नाही, आणि मी आहाराचा तक्ता सांगत सुटायचे. भरवणारीकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

रात्री विचारलं तेव्हा रडली. म्हणाली, "मला त्याच्याबद्दल काही वाटतच नाही गं." मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं ठरवलं तर नणंद आडवी. "पोरीला वेडी ठरवणार का? सासरचे ठेवतील का तिला?" तरी नेलं. दूध पाजतेय हे सांगून औषध घेतलं. रात्रीचं पोर मी माझ्याकडे घेतलं, कारण सलग चार तास झोप ही मला औषधाइतकीच मोठी वाटते. जावई अबोल माणूस, पण त्यानंच शोधून वाचून दाखवलं: गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास, २००३ साली छापलेला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांत ज्या आया उदास होत्या, त्यांची सहा महिन्यांची ३० टक्के बाळं वजनात अगदी तळाला, बाकीच्यांची १२ टक्के. आमच्या रजिस्टरात पोराच्या वजनाचा रकाना होता, आईच्या झोपेचा नव्हता. मीटिंगमध्ये एकदा हे बोलले, तर वरच्या बाई हसल्या.

तीन महिन्यांत पट्टी हिरवी झाली. नणंद आजही म्हणते लाडवांनी झाली. लाडू पोरानं खाल्लेच नव्हते, पण ते असो.

आता खरं तेही सांगते. पोराला त्या काळात बरेचदा मीच भरवत होते, तेव्हा नक्की कशानं वाढला, छातीठोक सांगता येणार नाही. पाकिस्तानातही खेड्यातल्या आरोग्यसेविकांनी अशा उदास आयांशी ठरवून बोलणं ठेवलं होतं. आया बऱ्या झाल्या, बाळांचे जुलाब कमी झाले, पण वजन-उंचीत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणून भरवणं थांबवू नका, चमचा तुम्ही हातात घ्या. आठ महिन्यांच्या मुलींसाठी कमी वजनाची रेघ ६.३ किलोवर असते, तुमची लेक तिच्या जेमतेम वर आहे, तेव्हा रक्त-लघवी तपासली नसेल तर तपासा, घरात कुणाला जुना खोकला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बायकोसाठी १४४१६ वर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी दवाखाना. आणि तुमच्या आई "आम्ही नाही का वाढवली पोरं" म्हणाल्या, तर त्यांना रात्रपाळी द्या.

परवा नणंदेची सून बाळंत झाली. फोन आला, "दूध कमी पडतंय, अळीव किती घालू?" म्हटलं, "झोपते का ती?"

"तुझं आपलं तेच," म्हणाली नि ठेवला.