प्रसादाची भांग आणि गांजाचा गुन्हा

प्रश्न (विदर्भातल्या एका ताईंचा, थोडक्यात): आमच्या भागातल्या महादेवाच्या देवळात आजेसासऱ्यांच्या काळापासून महाशिवरात्रीला भांगेच्या ठंडाईचा प्रसाद असतो. यंदा माझे यजमान उज्जैनच्या परवानाधारक दुकानातून ३ किलो २०० ग्रॅम सुकी भांग घेऊन येत होते. पावती सोबत होती. स्टेशनवर पोलिसांनी पिशवी तपासली, पंचनाम्यात ‘गांजासदृश’ लिहिलं आणि अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा दाखल केला. यजमान न्यायालयीन कोठडीत आहेत. दीर म्हणतात, कबूल करा, दंड भरून सुटका होईल. मंडळाचे लोक म्हणतात, देवाचं काम आहे, धर्मस्वातंत्र्यावर हायकोर्टात जाऊ. देवळाच्या कोठीत मागच्या वर्षीची थोडी भांग पडून आहे. तिचं काय करू?

उत्तर:

ताई, दिरांचा सल्ला आधी बाजूला ठेवा. ते काळजीपोटीच बोलत असणार, पण त्यांनी सांगितलेला रस्ता या कायद्यात नाही. यजमानांवर एनडीपीएसचं कलम २० लावलंय. जप्त माल १ किलोपेक्षा जास्त आणि २० किलोपेक्षा कमी आहे. तो गांजा ठरला तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि सोबत एक लाखापर्यंत दंड, अशी आहे. नुसत्या दंडावर सोडायची मोकळीक न्यायाधीशांना नाही. सरकारी पक्षाशी वाटाघाट करून शिक्षा कमी करून घ्यायची सोयही सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना लागू होत नाही. कबुली दिली तर यजमान ‘गांजा बाळगला’ हे कबूल करतील, आणि तुमच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्याजवळ गांजा नव्हताच. न केलेल्या गुन्ह्याची कबुली कुणाच्याही दबावाखाली द्यायची नाही, हे त्यांना भेटीत स्पष्ट सांगा.

खटला उभा आहे तो एका व्याख्येवर. १९८५ च्या या कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. चरस वेगळा, तो राळेपासून होतो. भांग पानांची असते, म्हणून शुद्ध पानांची भांग एनडीपीएसमध्ये बसत नाही. हे सूट म्हणून कुणी मेहेरबानीनं दिलेलं नाही. अमली पदार्थांच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्याही शेंड्यांशिवायची पानं वगळते. त्याच्याही आधी, १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारनं नेमलेल्या आयोगानं देशभर साक्षी घेतल्या, शिवपूजेशी असलेला भांगेचा संबंध नोंदवला आणि सरसकट बंदी गरजेचीही नाही, शहाणपणाचीही नाही, असं मत दिलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात, आरोपीकडे २९ किलो भांग सापडलेली असूनही, भांग एनडीपीएसखाली येत नाही हा मुद्दा मान्य करून जामीन दिला. त्या आदेशात आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालाचाही आधार घेतला आहे. तुमच्या वकिलांनी हा आदेश जामीन अर्जाला जोडावा.

पण पिशवीत खरोखर फक्त पानं होती का, हे तुम्ही किंवा मी सांगून चालणार नाही. ते दोन कागद सांगतील.

पहिला कागद पंचनाम्याचा. त्याची नक्कल मागा आणि मालाचं वर्णन शब्द न शब्द वाचा. गांजाच्या पंचनाम्यात बहुधा ‘हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने-फुले-काड्या-बिया मिश्रित’ असं ठरीव वाक्य येतं. तुमच्या पंचनाम्यात फुलं किंवा शेंडे यांचा उल्लेख आहे का? नसेल तर तो मुद्दा मोठा आहे. असेल, तर माल सुटा पाला होता की दुकानाच्या छापील पुड्या, पुड्यांवर काय लिहिलं होतं, वजन करताना काड्या-बिया वेगळ्या केल्या का, हे बघावं लागेल.

दुसरा कागद प्रयोगशाळेचा अहवाल, ज्याला कोर्टात सगळे सीए रिपोर्ट म्हणतात. नशेचा घटक सापडला एवढ्यावर गांजा सिद्ध होत नाही, कारण तो घटक पानांतही असतो. तपासणाऱ्यानं सूक्ष्मदर्शकाखाली फुलोरा पाहिला का, हा खरा प्रश्न आहे. रिपोर्टमध्ये नुसतं ‘गांजा आहे’ असं लिहून आलं, तर तो निष्कर्ष कशावरून काढला हे उलटतपासणीत विचारता येतं. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का, हेही तपासा. २०२२ च्या नियमांप्रमाणे गांजाचा प्रत्येक नमुना २४ ग्रॅमचा आणि दोन प्रतींत लागतो. मात्र तिथे चूक निघाली म्हणून खटला आपोआप कोसळेल, अशा आशेवर राहू नका. ‘झडतीच्या वेळी राजपत्रित अधिकारी नव्हता’ हा मुद्दाही नातेवाईक फार उत्साहानं सांगतात. तो अंगझडतीला लागतो. माल पिशवीत होता, त्यामुळे इथे त्याचा उपयोग कमी.

आता पावती. मंडळाचे लोक तिला हुकमाचं पान समजत असतील. एनडीपीएसपुरती ती खरंच मोलाची आहे. मध्य प्रदेशात परवान्यावर विकली जाणारी वस्तू भांग असते, गांजा नसतो, हे ती दाखवते. पण महाराष्ट्राच्या हद्दीत पाऊल टाकलं की दुसरा कायदा सुरू होतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातल्या मादक औषधींच्या व्याख्येत त्या झाडाची पानंही येतात, भांग नावानिशी येते. परवान्याशिवाय ती बाळगणं, आणणं, सेवन करणं आपल्याकडे गुन्हा आहे. म्हणजे जी पावती यजमानांना एनडीपीएसमधून बाहेर काढेल, तीच दारूबंदी कायद्याखाली त्यांच्याविरुद्ध पुरावा होऊ शकते. म्हणून ती स्वतःहून कुणाला देऊ नका, फोटो पाठवू नका. मूळ पावती जप्त झाली असेल तर पंचनाम्यात तिची नोंद आहे का, एवढं पाहा. ती कधी, कशी पुढे करायची, हे वकिलांना ठरवू द्या. माझं मत विचाराल तर पुढे करावी. दारूबंदी कायद्याची शिक्षा दहा वर्षांच्या टांगत्या तलवारीपुढे फारच कमी आहे, आणि ‘ती भांग होती’ ही बाजू खरीही आहे.

धर्मस्वातंत्र्याबद्दल मंडळाची भावना मला समजते. उज्जैनला महाकालाचा शृंगारसुद्धा भांगेनं होतो. तुमच्या देवळातली तीन पिढ्यांची रीत काही चोरून केलेली नाही, आणि देवाच्या नावानं आणलेल्या वस्तूपायी घरचा माणूस आत बसला, याची बोच कुणालाही लागेल. तरीही जामिनाच्या अर्जात हा मुद्दा पुढे करू नका. राज्यघटनेचं कलम २५ धर्माचरणाचं स्वातंत्र्य देतं ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. कलम ४७ तर आरोग्याला घातक मादक पदार्थांवर बंदीसाठी प्रयत्न करायला राज्याला सांगतं. न्यायालय विचारेल की भांगेशिवाय शिवपूजा पुरी होत नाही का. १९५४ पासून सर्वोच्च न्यायालय धर्माचा गाभा आणि त्याभोवतीच्या रूढी यांत फरक करत आलं आहे, आणि बेल वाहून, अभिषेक करून, उपास धरून शिवरात्र करणारे लाखो लोक याच महाराष्ट्रात आहेत. एनडीपीएसमध्ये अपवाद आहेत ते मुख्यतः वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी. पूजेसाठी एकही नाही. कुंभात साधूंच्या चिलमीकडे कुणी बघत नाही, असंही मंडळातलं कुणी म्हणेल. चिलमीत गांजा असतो आणि तो गुन्हाच आहे. पोलिसांनी कानाडोळा केला म्हणून हक्क निर्माण होत नाही.

शिवाय या वादात उतरलात की नकळत ‘होय, नशेचा पदार्थ होता, पण देवासाठी’ अशी भूमिका होते. आज आपली भूमिका ‘तो गांजा नव्हता’ एवढीच आहे. तिच्यात दुसरं काही मिसळू नका.

कोठीतल्या भांगेची मला जास्त चिंता वाटते. ती जाळू नका, नदीत सोडू नका, कुणाच्या घरी हलवू नका. गुन्हा दाखल झाल्यावर असं काही केलं तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा होतो, आणि तो तुमच्यावर होईल. खोलीला कुलूप लावा, किल्ली कुणाकडे आहे ते ठरवा आणि आजच वकिलांना सांगा. वकिलाला सांगितलेली गोष्ट गोपनीय राहते. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ती लेखी अर्जानं सोपवायची की आधी न्यायालयाला कळवायचं, हे ते पंचनामा पाहून ठरवतील. यंदा प्रसादात तिचा कणही वापरायचा नाही. आणखी एक सांगते, रागावू नका. प्रसाद म्हटल्यावर माणूस विचारत नाही, हात पुढे करतो. लहान मूल, गरोदर बाई, हृदयविकाराचं औषध घेणारे आजोबा, सगळेच. आत काय आहे हे न सांगता नशेची वस्तू कुणाला पाजली आणि त्याला अपाय झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ पर्यंत गोष्ट जाऊ शकते, आणि तिथेही शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. हे आजेसासऱ्यांच्या काळातही चुकीचंच होतं.

जामिनाबद्दल धीर धरा, पण वेळ घालवू नका. एनडीपीएसमधल्या जामिनाच्या कडक अटी मुख्यतः व्यापारी प्रमाणासाठी आहेत आणि गांजाचं ते प्रमाण २० किलोच्या वर सुरू होतं. तुमच्या प्रकरणात त्या अटी आड येत नाहीत. अर्ज विशेष न्यायालयात करायचा. सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, आला की सुनावणी होते. आधीचा कुठलाही गुन्हा नाही, कायम पत्ता आहे, माल जप्त झालेला असल्यानं कोठडीत ठेवून आणखी काही मिळवायचं नाही, हे मुद्दे साधे आहेत पण चालतात. अटकेची कारणं यजमानांना लेखी दिली होती का, तेही विचारून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं अलीकडच्या निकालांत त्यावर फार भर दिला आहे. जामीनदार आत्ताच ठरवा. त्याचं आधार कार्ड, घरपट्टीची पावती किंवा सातबारा तयार ठेवा, कारण आदेश झाल्यावर याच कागदांपायी माणसं आणखी काही दिवस आत राहतात. पोलिसांसमोर ‘सगळं सांगितलं’ म्हणून यजमान खचले असतील, तर पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा होत नाही, हे त्यांना कळवा.

मंडळाला खरंच देवळाची रीत टिकवायची असेल, तर जागा न्यायालयाची नाही, मंत्रालयाची आहे. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा १९४९ चा हाच कायदा गुजरातकडेही गेला. तिथे दारूबंदी आजही आहे, तरी २०१७ मध्ये त्यांनी भांग त्या कायद्यातून बाहेर काढली आणि कारण शिवाच्या प्रसादाचंच दिलं. महाराष्ट्रात तसं झालेलं नाही. तेच मागायला मंडळानं उत्पादन शुल्क मंत्र्यांना आणि आपल्या आमदारांना निवेदन द्यावं, सोबत देवळाच्या जुन्या वह्यांतल्या खर्चाच्या नोंदी जोडाव्यात. पण ते निवेदन यजमान घरी आल्यावर. उद्या सकाळी फक्त पंचनाम्याची आणि प्राथमिक माहिती अहवालाची नक्कल मिळवा.