यामाहा घ्यावी का, आणि घेतली तर सांभाळावी कशी?

या खेपेच्या बहुतेक पत्रांत एकच नाव आहे: यामाहा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गिटारींतही हेच नाव सगळ्यांत जास्त दिसतं. म्हणून आज बाकीची पत्रं बाजूला ठेवून यांनाच उत्तरं देतो.

मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याचे सर म्हणतात, एफ३१० पुरे. त्याचे मित्र म्हणतात, ती प्लायवुडची, एफजी८०० घे. किमतीत बराच फरक आहे. काय घेऊ? (एक आई, फोंडा)

ताई, मित्र सांगतात ते खरं आहे, पण मी सरांच्या बाजूने आहे. एफ३१०ची वरची फळी, म्हणजे टॉप, पातळ थर चिकटवून केलेली असते. एफजी८००चा टॉप सॉलिड स्प्रूसचा, आणि आतल्या आधारपट्ट्याही कोरून हलक्या केलेल्या. सॉलिड लाकूड मोकळं थरथरतं, त्यामुळे तार छेडली की आवाज भरून येतो आणि रेंगाळतो. वाजवत राहिलं की तो वर्षागणिक खुलतो, असं बहुतेक वादक सांगतात. थरांच्या टॉपचा आवाज पहिल्या दिवशी जसा, तसाच दहाव्या वर्षी.

पण हेच थर गोव्यात उपयोगी पडतात. लाकूड ओल पिऊन फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेने. थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवले की एक दुसऱ्याला फुगू देत नाही. फोंड्यासारख्या ठिकाणी, जिथे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते, तिथे नवशिक्याच्या गिटारीला हा गुण फार मोलाचा.

दुसरी गोष्ट तारेच्या लांबीची. एफ३१०ची 634 मिलिमीटर, एफजी८००ची 650. त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर लांब गिटारीवर त्या जास्त ताठ राहतात. एफ कॉर्ड धरताना तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबावी लागते, तेव्हा तेरा वर्षांच्या हाताला हा फरक नक्की जाणवतो.

या कंपनीबद्दल वादकांत दोन मतं कायम ऐकू येतात. एक, दहा गिटारी हातात घ्या, दहाही जवळपास सारख्या निघतात. दुसरं, आवाज स्वच्छ आहे पण त्याला स्वतःचा चेहरा नाही. दुसऱ्या मतात तथ्य आहे, पण ते जाणत्या वादकाचं दुखणं. शिकणाऱ्याला सुरात राहणारी गिटार हवी. एफ३१० घ्या, आणि वाचलेल्या पैशांतून थोडे घालून जाणकाराकडून सेटअप करून घ्या, म्हणजे तारांची उंची बोटांजोगी होईल. दोन वर्षांनी मुलगा आपणहून गिटार काढून बसत असेल, तर एफजी८००चा विचार करा.

दोन वर्षांपूर्वी सॉलिड टॉपची यामाहा घेतली. मे महिन्यापर्यंत लोण्यासारखी वाजत होती. आता जुलैत तारा वर गेल्यात, बोटं सोलवटतात. मित्र म्हणतो, कंपनीचा पूर्वीचा दर्जा राहिला नाही. (साखळी)

दर्जाचा यात काही संबंध नाही, हा पाऊस आहे. गिटारीला हवेतली ओल साधारण 45 ते 55 टक्के मानवते. आपल्याकडे जुलैत ती ऐंशीच्या वर असते. टॉप ओल पितो, ब्रिजच्या, म्हणजे तारांचं खालचं टोक जिथे अडकवलेलं असतं त्या टॉपवरच्या पट्टीच्या, मागे पोट काढतो, ब्रिज वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर तारा.

आधी मोजा. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या आडव्या धातूपट्टीवर, स्टीलची पट्टी उभी धरा आणि फ्रेटचा माथा ते तारेची खालची कड हे अंतर पाहा. जाड सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटर आणि पहिल्या तारेखाली दोनच्या आसपास असेल तर ठीक. मग सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. सातव्या फ्रेटपाशी जाड कागद सरकेल एवढीच फट दिसली तर नेक, म्हणजे दांडी, सरळ आहे. मग ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या सळीला, हात लावू नका. तो नेकचा बाक काढतो, टॉपचं पोट नाही. त्याच्या अंगात नसलेलं काम करवून घ्यायला पिळत बसलेले लोक मी दर पावसाळ्यात पाहतो.

आता माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत जुलैत आलेल्या एका गिटारीची सॅडल, म्हणजे ब्रिजवरची पांढरी पट्टी, मी घासून बसकी केली. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावी लागते, तेवढी घासली. मालक खूश होऊन गेला. जानेवारीत तोच परत आला. हवा कोरडी झाली, पोट बसलं, तारा खाली आल्या आणि प्रत्येक फ्रेटवर झणझण करू लागल्या. घासलेलं हाड परत येत नाही.

तेव्हापासून मी सॉलिड टॉपच्या गिटारीला दोन सॅडल करून देतो, एक पावसाळी बसकी आणि एक उन्हाळी उंच. तारा सैल केल्या की सॅडल खाचेतून निघते, दहा मिनिटांचं काम. उन्हाळी सॅडल पाकिटात घालून केसच्या खणात ठेवायची. तुम्हीही हेच करून घ्या. गिटारीची मूळची सॅडल मात्र कुणाला घासू देऊ नका.

शिवाय गिटार भिंतीवर टांगू नका. पावसाची झड बसणारी भिंत तर नकोच. केसमध्ये बंद ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा पंचेचाळीसच्या खाली आला की पुड्या काढा. लाकूड तडकतं ते कोरडं पडल्यावर.

ग्रेड परीक्षा क्लासिकल गिटारची द्यायची आहे. घरी एफ३१० आहे. तिलाच नायलॉनच्या तारा लावल्या तर? (मडगाव)

नको. नायलॉनचा ताण कमी असतो, त्या टॉपला हलवू शकणार नाहीत, आवाज मेल्यासारखा येईल. यामाहाचीच सी४० पाहा, ती नायलॉन तारांची क्लासिकल गिटार. तिचा नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, 52 मिलिमीटर रुंद, एफ३१०चा 43, आणि बोटांनी एकेक तार वेगळी छेडायला ती जागा लागतेच. उलटं तर कधीच करू नका. सी४०ला स्टीलच्या तारा चढवल्या की ब्रिज उपटून येतो.

आमच्या भजनी मंडळात मला एफजी८०० घेऊन बसायला सांगतात. बुवा काळी दोनमध्ये गातात. सूर जुळतो, पण गिटार गाण्यात घुसल्यासारखी वाटते. (पेडणे)

काळी दोनला, म्हणजे डी शार्पला, तिसऱ्या फ्रेटवर केपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सी कॉर्डच्या आकारात वाजवत असाल, तर ते बरोबर आहे. पहिल्या फ्रेटवर केपो लावून डीचा आकार घेतला तरी चालतं. आधी पेटीच्या साशी गिटार मिळवा, मोबाइलच्या ट्यूनरशी नाही. जुन्या पेटीचे सूर थोडे सरकलेले असतात, आणि पेटीचे सूर बसल्या जागी बदलता येत नाहीत.

घुसण्याची दोन कारणं. तुमच्या गिटारीचं पोट मोठं, खालचा आवाज भरदार. तिथेच पखवाजाची धुम असते, चतुर्थीत घुमट या मातीच्या वाद्याची. तेव्हा पाचवी-सहावी तार शक्य तितकी टाळा आणि आवाज वरच्या चार तारांवर ठेवा. दुसरं कारण गंधार. पूर्ण कॉर्डमध्ये तो शुद्ध किंवा कोमल ठरूनच येतो आणि बुवांच्या रागाशी भांडतो. बुवा आलाप घेतात तेव्हा फक्त सा-प धरा. गजर सुरू झाला की खुशाल पूर्ण कॉर्ड मारा.

वडील बोटीवर होते. सत्तरच्या सुमारास त्यांनी जपानहून आणलेली गिटार माळ्यावर सापडली. आत लाल लेबल, त्यावर निप्पॉन गाक्की आणि एफजी-१८०. कळंगुटचे एक गृहस्थ विकत मागताहेत. (वास्को)

तुमचं पत्र वाचून मी खरंच खुर्चीवरून उठलो. निप्पॉन गाक्की म्हणजे यामाहाच. तोराकुसु यामाहांनी 1887 मध्ये हामामात्सुच्या एका शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, त्यातून हा कारखाना उभा राहिला. कंपनीने यामाहा हे नाव धारण केलं ते 1987 मध्ये, शंभर वर्षांनी. एफजी म्हणजे फोक गिटार, आणि 1966 मध्ये निघालेल्या या मालिकेतलं एफजी-१८० हे पहिल्या मॉडेलांपैकी एक. लाल लेबलवाल्या या गिटारींना वादक आजही शोधत असतात.

टॉप सॉलिड आहे का, हे स्वतः पाहा. आवाजाच्या भोकाची कड टॉर्चच्या उजेडात न्याहाळा. वरच्या रेषा कडेवरून तशाच आत उतरत असतील तर सॉलिड. कडेला थर दिसले तर प्लायवुड. लाल लेबलच्या या मॉडेलात बहुधा थरच दिसतील. त्याने किंमत पडत नाही. त्या काळी ते थर फार निगुतीने बसवलेले आहेत, आणि बोटीवरून येऊन वास्कोच्या खाऱ्या हवेत पन्नासएक वर्षं ती टिकली, त्यातही त्यांचा वाटा आहे.

खरी तपासणी नेकची. बाराव्या फ्रेटवर तारा चार मिलिमीटर वर असतील आणि सॅडल आधीच तळाला टेकली असेल, तर नेक सांध्यातून पुढे झुकलाय. तो सोडवून पुन्हा बसवणं मोठं काम आहे, कारण सांधा पक्क्या डिंकाने चिकटवलेला असतो. हे कळेपर्यंत भाव ठरवू नका. जुन्या तारा काढा, 11च्या (पहिली तार 0.011 इंच जाडीची) हलक्या तारा लावा, पूर्ण सुरात न नेता एक स्वर खाली लावून आठवडाभर तशीच ठेवा, आणि रोज ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का ते बघा. सरकला तर लगेच तारा सैल करून माझ्याकडे घेऊन या.